ऑटोमेशन लावलंत, पण आलेलं उत्तर कोण वाचतंय? मार्केटिंगमधल्या या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी मी मेलचा एक फ्लो, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप जाणाऱ्या मेलची साखळी, बसवला होता. एखाद्या ग्राहकाने आईसाठी भेटवस्तू मागवली की पुढच्या वर्षी त्याच सुमारास त्याला आपोआप मेल जायचा, "आईंसाठी यंदा काय घेताय?" क्लिक चांगले येत होते, विक्री होत होती. दुसऱ्या वर्षी वेगळ्याच कामासाठी मी त्यांचा नो-रिप्लायचा, म्हणजे ज्यावर उत्तरं अपेक्षितच नसतात तो, मेलबॉक्स उघडला. त्यात एका बाईंचं उत्तर पडून होतं. "आई मार्चमध्ये गेली. कृपया हे मेल थांबवा." उत्तर येऊन सात आठवडे झाले होते. त्यानंतर त्यांना आणखी दोन मेल गेले होते आणि दुसऱ्याचा विषय होता, "आईंना विसरलात का?" ती ओळ मीच लिहिली होती.

त्या फ्लोमध्ये तांत्रिक बिघाड शोधूनही सापडला नसता. ट्रिगर, म्हणजे मेल सुटण्याचं निमित्त, बरोबर होता, नाव बरोबर होतं, वेळही बरोबर होती. फक्त त्या बाईंनी जे सांगितलं ते कुणाच्या कानावर पडण्याची सोयच आम्ही ठेवली नव्हती. तेव्हापासून कुठलंही ऑटोमेशन तपासायला घेतलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते: याला कोणी उत्तर दिलं, तर ते कोण वाचेल? पुढच्या बहुतेक चुका शेवटी याच प्रश्नापाशी येतात.

उत्तराचा रस्ता बंद ठेवणं

"कृपया या मेलला उत्तर देऊ नका" ही ओळ आधी काढा. मेलवर एखाद्या व्यक्तीचं नाव आणि सही टाकायची आणि पत्ता मात्र नो-रिप्लायचा ठेवायचा, ही तर सरळ फसवणूक आहे. उत्तरं खऱ्या मेलबॉक्समध्ये येऊ द्या आणि तो उघडण्याची जबाबदारी नाव घेऊन कुणावर तरी सोपवा. "टीम बघेल" म्हटलं की कोणीच बघत नाही. उत्तरं इतकी येतात की वाचायला माणसं पुरत नाहीत, अशी तक्रार असेल तर पाठवणं कमी करा.

नाजूक विषयांवर तर पाठवण्याआधीच विचारा. ब्लूम अँड वाइल्ड या ब्रिटनमधल्या फुलं पोचवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये मदर्स डेच्या आधी ग्राहकांना विचारलं होतं की, या दिवसाचे मेल तुम्हाला नको आहेत का? बाकीचे मेल सुरू ठेवून फक्त तेवढेच बंद करता येत होते. हे बसवायला फार काही लागत नाही. ग्राहकाच्या नोंदीत एक टॅग आणि कॅम्पेनमध्ये एक अट, एवढं पुरतं. पण ती अट मेल, मेसेज आणि जाहिराती अशा तिन्ही ठिकाणी लागू व्हायला हवी. नाहीतर मेल थांबतो आणि तीच जाहिरात दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर समोर येते.

नाव घातलं म्हणजे ओळख झाली, असं समजणं

"नमस्कार ," असा स्वल्पविरामाआधी रिकामी जागा असलेला मेल तुम्हालाही कधीतरी आला असेल. नावाचा रकाना रिकामा होता आणि पर्यायी मजकूर भरलेला नव्हता. उपाय सोपा आहे. नाव नसेल तर "नमस्कार" वर थांबा. पाठवण्याआधी नाव नसलेली, आडनाव आधी लिहिलेली आणि सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत भरलेली अशा तीन नोंदींवर टेस्ट मेल काढून बघा.

यापेक्षा अवघड चूक वेगळी आहे. आपल्याला जे जे माहीत आहे ते सगळं बोलून दाखवायचं. "काल रात्री पावणेबारा वाजता तुम्ही हे पान तीनदा पाहिलंत" असं घरच्या माणसाने म्हटलं तरी अंगावर येईल. आजारपण, गरोदरपण, पैशांची ओढाताण यांचा अंदाज खरेदीवरून बांधता येतो, पण ते माणसाने आपल्याला सांगितलेलं नसतं. माझा नियम असा, की ग्राहकाने स्वतः सांगितलेली गोष्ट मजकुरात येऊ शकते. आपण ताडलेली गोष्ट मजकुरात येत नाही आणि प्रकृतीबद्दलचा अंदाज तर सेगमेंट, म्हणजे ग्राहकांचे गट, पाडायलाही वापरायचा नाही.

एकमेकांची खबर नसलेले फ्लो

एकाच दिवशी एकाच माणसाला स्वागताचा मेल, अर्धवट सोडलेल्या कार्टची आठवण, सवलतीची घोषणा आणि "कसा वाटला अनुभव?" असं सगळं गेलं, की समजावं हे चार फ्लो चौघांनी चार वेळी बसवले आहेत. कार्टच्या आठवणीत तर इथेच घोडं पेंड खातं: फ्लो सुरू कधी व्हायचा ते सगळे लिहितात, थांबायचा कधी ते लिहायचं राहून जातं. मग पैसे भरून झाल्यावरही "तुमची वस्तू वाट बघतेय" येत राहतं. प्रत्येक फ्लोला बाहेर पडण्याची अट हवी, म्हणजे खरेदी झाली, तक्रार नोंदवली, उत्तर आलं की थांब. तक्रार उघडी असताना त्या माणसाला विक्रीचा एकही मेसेज जाता कामा नये. शिवाय सगळे फ्लो मिळून आठवड्याला किती, याची एक वरची मर्यादा घाला.

परवानगी गृहीत धरणं

गॅरी थर्क यांनी १९७८ च्या मे महिन्यात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा एक जाहिरात पाठवली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणकांची ती जाहिरात पहिला स्पॅम म्हणून ओळखली जाते आणि तक्रारीही तेव्हापासूनच्याच आहेत. विकत घेतलेल्या लिस्टवर मेल टाकणारे आजही तेच करतात, फक्त आकड्यांना धरबंद राहिलेला नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या कायद्यात आधीच टिक केलेला चौकोन संमती म्हणून चालत नाही, आणि संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं लागतं. कायदा तुमच्यावर लागू असो वा नसो, मोजपट्टी म्हणून हीच वापरा.

मेल अचानक स्पॅममध्ये जाऊ लागले तर लोक विषयाची ओळ बदलत बसतात. आधी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या तीन नोंदी बघा, मग अनसबस्क्राइबचं, म्हणजे यादीतून बाहेर पडण्याचं, बटण बघा. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलने २०२४ पासून नियम कडक केले. प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडता आलं पाहिजे, ती विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. बाहेर पडणाऱ्याला लॉगिन करायला लावणं किंवा "नक्की जाताय का?" असं तीनदा विचारणं अंगाशी येतं. तो वैतागून सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

खोट्या आकड्यावर मोजणं

ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडला याचं प्रमाण, चढतोय आणि विक्री जागच्या जागी, असं दिसलं तर खूश होऊ नका. मेल उघडला हे त्यातलं चित्र उतरवलं गेलं की नाही यावरून मोजतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये मेल ॲपमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे मेलमधली चित्रं आधीच उतरवली जातात, आणि माणसाने मेल पाहिला नसला तरी तो उघडल्याची नोंद होते. "मेल उघडला, म्हणून पुढचा पाठव" या अटीवर उभे असलेले फ्लो त्यामुळे हवेत चालतात. अट क्लिक, खरेदी किंवा उत्तर यांवर ठेवा.

यंत्राला माणूस म्हणून उभं करणं

एआयकडून मजकूर लिहून घ्यायला माझी हरकत नाही, मीही घेते. पण "तुमचा लेख वाचला, फार आवडला" असं हजार जणांना पाठवायचं आणि वाचलेलं कोणीच नाही, हे खोटं आहे, मग ते कितीही गोड लिहिलेलं असो. पान उघडलं की पुन्हा पंधरा मिनिटांवरून सुरू होणारं काउंटडाउन घड्याळ त्याच जातीचं. चॅटबॉट असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगा, आणि माणसाकडे जाण्याचा रस्ता त्याच खिडकीत ठेवा.

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं की शोकप्रसंगीची भाड्यातली सवलत नंतर मागता येईल. कंपनीचा नियम नेमका उलटा होता. प्रकरण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. बॉटला उत्तरं देऊ देताना नियम, पैसे आणि परतावा हे विषय मंजूर मजकुरापुरतेच ठेवा. त्यापलीकडचा प्रश्न माणसाकडे जाऊ द्या.

चूक होऊन गेली असेल तर

आधी फ्लो थांबवा, कारण माफीचा मजकूर लिहीत बसलात तर तेवढ्यात पुढचे दोनशे मेसेज निघून जातात. मग मेसेज नेमका कुणाकुणाला गेला ती यादी काढा आणि फक्त त्यांनाच लिहा. काय झालं, काय बदललं, एवढंच साध्या मजकुरात, खऱ्या माणसाच्या नावाने, उत्तर येईल अशा पत्त्यावरून. सोबत कूपन जोडू नका.

त्या बाईंना मी असंच चार ओळींचं पत्र लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, "वाचल्याबद्दल आभार." आता त्या मेलबॉक्सवर दोघींची पाळी असते, रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला.