जुन्या गाडीत दोष निघाला? नट उघडण्याआधी जॉबकार्ड लिहून घ्या

कोल्हापुरात गाडी घेतली, मग ती नवी असो की सेकंडहँड, की आधी अंबाबाई आणि मग जोतिबा. त्यामुळे जुन्या गाडीचा पहिला दोष बऱ्याचदा जोतिबाच्या चढावरच उघडा पडतो. गावात रंकाळ्याच्या बाजूनं चक्कर मारून पसंत केलेली गाडी सपाटीला छान पळते. पाच माणसं भरून, एसी लावून डोंगर चढायला लागली की टेंपरेचरचा काटा वर सरकतो, क्लच घसरायला लागतो, नाहीतर मागून निळा धूर निघतो. रविवारी दर्शन होतं आणि सोमवारी सकाळी ती गाडी बोनेटवरच्या गुलालासकट आमच्या दारात उभी असते.

शिवाजी उद्यमनगरात आमचं गॅरेज आहे. हत्यारं दीर आणि त्यांची पोरं सांभाळतात, जॉबकार्ड, म्हणजे गाडीची तक्रार आणि तपासणीत दिसलेलं नोंदवायचा गॅरेजचा कागद, मी लिहिते. डीलरकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर काय करायचं, हे समोर बसलेल्या माणसाला मी नेहमी सांगते ते इथं सविस्तर लिहिते. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकते. आधी नोंद, मग दुरुस्ती. दुरुस्त झालेला दोष नंतर कुणालाच दाखवता येत नाही, डीलरलाही नाही आणि ग्राहक आयोगालाही नाही.

दोष दिसला की लोक घाबरून डीलरला फोन लावतात. तिकडून उत्तर येतं, "आणून सोडा, आमचा मिस्त्री बघून देईल." गाडी दोन दिवस तिथं राहते, परत येते आणि महिन्याभरात तोच त्रास सुरू होतो. मधल्या काळात काय उघडलं, काय बदललं, याचा एक कागद हातात नसतो. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये गळती बंद करणारं औषध ओतलं की काटा काही दिवस जागेवर राहतो. गाडीच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा आकडा, म्हणजे फॉल्ट कोड, पुसला की डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा विझतो. दोष आहे तिथंच असतो, पुरावा मात्र गेलेला असतो. म्हणून डीलरकडे गाडी न्यायच्या आधी त्याच्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नुसती तपासणी करून घ्या. काहीही न उघडता, न बदलता. डीलरनं वॉरंटी दिली असेल तर हे जास्तच पाळा, कारण बाहेर एक नट उघडला तरी "वॉरंटी संपली" म्हणायला त्याला जागा मिळते.

जॉबकार्ड कसं असावं, हे नमुन्यावरून सांगते. गिऱ्हाईक म्हणतं, "वहिनी, गाडी तापतीया." मी तेवढंच लिहीत नाही. कुठं तापली, किती चालल्यावर, एसी चालू होता का, पाणी घातलं का, हे विचारते. मग कार्डावर येतं: "केर्लीच्या पुढं जोतिबाच्या चढावर, पाच माणसं, एसी चालू, काटा लाल रेघेपर्यंत. थांबवून, थंड झाल्यावर सुमारे दोन लिटर पाणी घातलं." हे झालं गिऱ्हाइकाचं म्हणणं. त्याखाली गॅरेजला काय दिसलं ते वेगळं लिहायचं. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरची टोपी काढली, पाण्यावर तेलाचा तवंग. डिपस्टिक काढली, ऑइल दुधाच्या चहासारखं. इंजिन चालू ठेवलं तेव्हा कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे. आणि शेवटी: "हेड गॅस्केट गेल्याचा दाट संशय. हेड उघडल्याशिवाय खात्री देता येत नाही." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं, तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील.) हा शेवटचा प्रामाणिकपणा फार कामाचा असतो. जे बघितलंच नाही ते ठासून लिहिलेलं कार्ड समोरचा वकील पहिल्याच फटक्यात उडवतो. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट थर दिसला आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असलं, तर ते थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाडीतलं बाष्पही असू शकतं. तिथं हेड गॅस्केटचं नाव घ्यायचं नाही.

कार्डावर तारीख, गाडीचा नंबर, चासी नंबर, मीटरचं रीडिंग आणि गॅरेजचा सही-शिक्का हवाच. बरोबर मोबाइलवर व्हिडिओ काढा. आधी नंबरप्लेट, मग मीटर, मग दोष, मध्ये कॅमेरा न थांबवता.

फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा आणि नुसते कोड बघून समाधान मानू नका. पुष्कळ गाड्यांत कोड शेवटचे कधी पुसले आणि त्यानंतर किती किलोमीटर चालली, हेही स्कॅनरवर दिसतं. गाडी तुमच्याकडे येऊन शंभर किलोमीटर झाले आणि पुसल्यावरचं अंतर एकशेवीस दिसतंय, तर विकायच्या तोंडावर कोड पुसले गेलेत असा अर्थ निघतो. काही गाड्यांत बॅटरी काढली तरी हा आकडा शून्यावर येतो. त्यामुळे एवढ्यावर आरोप करू नका, पण छापील रिपोर्ट किंवा स्क्रीनचा फोटो जपून ठेवा.

आता पुरातल्या गाड्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा घराघरांत शिरली, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या. विमा कंपनीनं पूर्ण नुकसान म्हणून सोडलेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. अशी गाडी आपल्याच भागातली असेल असंही नाही. कुठल्याही शहराचा पूर कुठल्याही पासिंगच्या गाडीत येऊ शकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोजच्या वापरात जो पट्टा आत गुंडाळलेला राहतो तिथं गढूळ पाण्याची आडवी रेघ राहिलेली सापडते, कारण गाडी धुणारा माणूस पट्टा तितका ओढत नाही. पुढची सीट मागं सरकवून ती ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट बघा. गाडीच्या वयाला न शोभणारा गंज असेल तर दरवाजाच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी काढून कार्पेटखाली हात घाला. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला असेल तर त्या गाडीचा इलेक्ट्रिकचा त्रास कधी संपत नाही. आज पॉवर विंडो, उद्या सेन्सर, परवा एअरबॅगचा दिवा. अशी गाडी दुरुस्त करून घेण्याच्या भानगडीत पडू नका, परतच करा. माझं मत यात ठाम आहे. पाण्यात राहिलेली एअरबॅग वेळेला उघडेल, असं कुणी तुम्हाला सांगू शकत नाही.

मीटर मागं घेतल्याचा संशय असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ९२,००० आणि आज मीटरवर ६१,००० असेल तर याहून बोलका पुरावा नाही. बोनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर चिकटलेलं असतं, तेही बघा.

सगळ्याच गोष्टींसाठी भांडायचं नसतं. टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, वायपर, शॉकअप, रबरी बुश हे झिजणारे भाग आहेत. ऐंशी हजार चाललेल्या गाडीची क्लच प्लेट संपली तर ते वयाप्रमाणे झालं. तुम्ही गाडी बघून, चालवून घेतली, तेव्हा सहज दिसणाऱ्या दोषांबद्दल नंतर बोलायला कायदाही फार साथ देत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात तसंच धोरण आहे. लढायचं ते लपलेल्या किंवा खोटं सांगून लपवलेल्या गोष्टींसाठी: पूर, मोठा अपघात, चासीचं वेल्डिंग, मागं घेतलेला मीटर, इंजिन आणि गिअरबॉक्सचा जुना दोष. यादीत वायपर आणि सीटकव्हर घातलेत की मोठ्या दोषाचं वजन कमी होतं.

"गाडी आहे तशी घेतली, तक्रार नाही" असं ताबा पावतीवर छापलेलं असतं आणि त्यावर सही झाली म्हणून पुष्कळ लोक हात टेकतात. टेकू नका. धडधडीत खोटं सांगून घेतलेली संमती अशा एका ओळीनं पक्की होत नाही. म्हणून डीलरनं काय सांगितलं होतं ते गोळा करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं "नॉन-अ‍ॅक्सिडेंट, एक हाती, कंपनी सर्व्हिस" हे वाक्य, व्हॉइस मेसेज. जाहिरात निघून जायच्या आत हे करा.

पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि पावतीवर कुणाचं नाव आहे, हेही बघा. वेळ आली की "मी फक्त मध्यस्थ, गाडी मालकाची" असं उत्तर हमखास मिळतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकानं फॉर्म २९-सी भरून गाडी त्याच्या ताब्यात दिली की नियमानुसार डीलरच मानीव मालक, म्हणजे कायद्यानं मालक धरलेला, ठरतो. अधिकारपत्राचा नंबर लेखी मागा. तो देता येत नसेल तर तेही तुमच्याच बाजूचं आहे. पावतीच दिली नसेल, तर बिल न देणं ही ग्राहक कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे.

एवढं हातात आलं की डीलरला लेखी कळवा. फोनवर गरम होऊ नका. बाजार लहान आहे, त्याला नावाची काळजी असते, आणि शांत, कागदावर बोलणाऱ्या माणसाशी तो लवकर मिटवतो असा माझा अनुभव आहे. मजकूर एवढाच पुरतो:

"अमुक तारखेला तुमच्याकडून अमुक नंबरची गाडी इतक्या रकमेला घेतली. 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट, इंजिन ओके' असं तुम्ही अमुक तारखेच्या मेसेजमध्ये सांगितलं होतं. अमुक तारखेला, मीटर इतका असताना, सोबतच्या जॉबकार्डप्रमाणे दोष आढळला. गाडी तेव्हापासून बंद ठेवली आहे. सात दिवसांत तुम्ही गाडी समक्ष तपासा आणि दोन्ही बाजूंना मान्य गॅरेजमध्ये तुमच्या खर्चानं दुरुस्ती करून द्या, नाहीतर गाडी परत घेऊन रक्कम द्या. काढलेले जुने पार्ट मला परत हवेत."

हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, ईमेल करा आणि स्पीड पोस्टानं पाठवून पोच घ्या. "गाडी बंद ठेवली आहे" हे नुसतं लिहू नका, खरोखर बंद ठेवा. तापणारी गाडी तशीच पळवून इंजिन जाम झालं तर दोष कुणाचा, हा नवाच वाद उभा राहतो. हलवायची असेल तर टोइंगनं न्या आणि पावती ठेवा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, काहीच लिहिलं नसेल तर तीस दिवसांत. म्हणून पहिल्या महिन्यात लेखी कळवण्याला इतकी किंमत आहे.

डीलर हलला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून आदेश निघत नाही, पण काही जण तेवढ्यावर चर्चेला येतात. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी पुण्याहून किंवा बेळगावहून आणली असली तरी तुम्ही कोल्हापुरात राहता म्हणून तक्रार कोल्हापुरात करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची, पण तितकं थांबायचं कशाला? टॅक्सीसाठी घेतली असेल तर व्यवसायाचा मुद्दा निघतो. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला मात्र कायदा ग्राहकच मानतो, तसं तक्रारीत स्पष्ट लिहा. तज्ज्ञाकडून गाडी तपासून घेण्याची मागणी तक्रारीतच करा आणि तोवर इंजिन उघडू नका. मालकाकडून थेट, डीलरशिवाय घेतलेल्या गाडीला मात्र हा रस्ता सहसा लागू पडत नाही. तिथं दिवाणी दावा किंवा फसवणुकीची फिर्याद.

मिटलं आणि गाडी परत द्यायची ठरली, तर पैसे खात्यात दिसल्याशिवाय चावी सोडू नका. कर्ज असेल तर आधी बँकेशी बोला, हप्ते वाद चालू असतानाही भरावेच लागतात. नाव चढलं असेल तर फॉर्म २९ आणि ३० नव्यानं भरून नाव उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या अपघाताची नोटीस तुमच्या दारात येईल. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचं रीडिंग टाका, आरसीच्या झेरॉक्सवर डीलरची सही घ्या, विमा कंपनीला कळवा आणि काचेवरचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.