पोरांना घेऊन हिप्परग्याला पक्षी बघायला जायचंय? असं करा

थंडी आहे तोवर एक रविवार तरी पोरांना आपल्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर न्याच. एकरुख तलाव म्हणतात ना तोच, इंग्रजांच्या काळात १८७१ ला झालेला, तुळजापूर रोडनं गेलं की टू-व्हीलरवर पण जमतं. फक्त निघायचं अंधारात, दिवस उगवताना तिथं पोचायला पाहिजे, कारण आपल्याकडं थंडीत पण दहा वाजले की ऊन चटकायला लागतं आणि पक्षी पण तोवर खाऊन गप्प होतात.

सामान लई नको. बसायला जुनी चादर, पाणी, टोपी, कडक भाकरी न शेंगा चटणी, वही-पेन्सिल. पायात बूट-मोजे घाला, चप्पल नको, गवतातली कुसळं टोचली की पोरगं पाच मिनिटात घरी चला म्हणतंय. दुर्बीण असली तर आदल्या दिवशी गच्चीवरनं समोरच्या पाण्याच्या टाकीवर सराव करून घ्या, आधी नुसत्या डोळ्यानं बघायचं आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्याला लावायची. नसली तरी काही अडत नाही.

आता महत्त्वाचं. तलावाभोवती फिरत बसू नका. काठापासून जरा मागं, ऊन पाठीवर येईल अशी एक जागा धरा आणि अर्धा तास उठायचं नाही. पोरं आधी चुळबुळ करतात, करू देत. मग त्यांना वारकरी दाखवा, काळाभोर पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, थव्यानं पाण्यावर तरंगत असतो. माझी पोरगी म्हणली, "पप्पा, हे पंढरपूरला चाललेत का?" आणि मग ती त्यांच्या बुड्या मोजत बसली, एक खाली गेला की आकडे म्हणायचे, वर आला की वहीत लिहायचं, मधे एक बराच वेळ वरच येईना तर माझा हात घट्ट धरून बसली होती. एवढा एक खेळ सकाळभर पुरतो. नावं पाठ करून घेऊ नका, ती आपोआप येतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर जागच्या जागी थांबा. तिची अंडी उघड्यावर खड्यातच असतात, रंग पण खड्यासारखाच, पायाखाली बघत आल्या वाटेनं मागं फिरा.

नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात न्यायचं असेल तर वन विभागाकडं आधी चौकशी करून जा, आणि माळढोक दिसेल असं पोरांना सांगून नेऊ नका. अभयारण्य १९७९ पासून त्याच्यासाठीच आहे पण तो आता जवळपास संपलाय, मादी शक्यतो एकच अंडं घालते तेही उघड्या जमिनीवर, आणि माळ तर नांगरटीत गेले. हे पोरांना खरं खरं सांगा, कळतं त्यांना. काळवीट मात्र बहुतेक दिसतात, काळा शिंगवाला नर आणि भुऱ्या माद्या.

एकट्यानं जमत नसेल तर ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा पक्षीमित्रांबरोबर जा. त्यातला ५ तारखेचा दिवस पक्षी न जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, १९३२ साली आपल्या सोलापुरातच जन्मले ते, पोरांना हे नक्की सांगा.

आणि ती वही रद्दीत घालू नका. तारीख टाकून ठेवा, पुढच्या थंडीत त्याच जागी बसून परत मोजायचंय.