युवा महोत्सवासाठी माइम बसवताना

युवा महोत्सवाचं परिपत्रक बोर्डावर लागलं की दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात माझ्या टेबलाशी घोळका उभा. 'मॅडम, माइम बसवायचंय. थीम तयार आहे.' माइम म्हणजे मूकाभिनय: एक शब्दही न बोलता नुसत्या अंगाने प्रसंग दाखवायचा. थीम म्हणजे झाडं वाचवा, नाहीतर मोबाइलचं व्यसन, आणि शेवटी कुणीतरी मरणार हे ठरलेलं. मी विचारते, मरणारा आधी काय करत होता? यावर सगळे एकमेकांकडे बघतात.

नियम साधा आहे: जास्तीत जास्त ६ जण आणि ५ मिनिटं. परीक्षक कल्पना, मांडणी, मेकअप, संगीत आणि एकूण परिणाम बघतात. ५ मिनिटांत जगाचा प्रश्न मावत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस आरामात मावतो.

पहिल्या तालमीला माझी एकच बंदी असते: ओठ हलवायचे नाहीत. 'तू कुठे होतास?' असं आवाज न काढता म्हणायचं आणि सोबत हात नाचवायचे, ही सगळ्यांची पहिली सवय. ते डमशेराज झालं. तिथे समोरच्याने शब्द ओळखायचा असतो. माइममध्ये ओळखायला काही नसतं, थेट दिसलं पाहिजे. म्हणून प्रसंगच असा घ्या की जिथे माणसं एरवीही बोलत नाहीत, किंवा बोललेलं ऐकू जात नाही. पिठाची गिरणी. लग्नात स्पीकरला चिकटून बसलेली पंगत. परीक्षेचा हॉल. चालू एसटी.

आता वस्तू. कॅन्टीनमधून खरा चहा मागवा, काचेच्या ग्लासातला. हवेतला ग्लास धरायला सांगितलं की पोरं मूठ वळतात. गरम ग्लास मुठीत कोण धरतं? अंगठा वरच्या काठावर, मधलं बोट बुडाशी, बाकीची बोटं चटका बसू नये म्हणून लांब. पहिल्या घोटाला मान ग्लासाकडे जाते, ग्लास तोंडाकडे येत नाही. चहा अर्धा झाला की तोच ग्लास निवांत, खाली धरला जातो. हे सगळं खऱ्या चहावर बघून घ्या, मग चहा पिऊन टाका आणि रिकाम्या हाताने करा. टेबलावर ठेवताना, टेबल मघाशी जेवढ्या उंचीवर होतं तिथेच हात थांबायला हवा. आणि ठेवल्यावर बोटं उघडायची, हात बाजूला घ्यायचा. ही सोडण्याची क्रिया बहुतेक जण खातात. ग्लास हातातच असतो आणि बहाद्दर त्याच हाताने पाहुण्यांना नमस्कार करतो.

नजरेचंही इथेच पक्कं करून घ्या. भरतनाट्यमचा क्लास केलेल्या मुलींना हात जाईल तिथे नजर न्यायची सवय असते, नृत्यात ते बरोबरच आहे. माइममध्ये मी क्रम उलटा करायला लावते. डोळे आधी ग्लासावर जाऊन क्षणभर टेकतात, मग हात निघतो. वस्तू नाहीच आहे, तेव्हा ती कुठे आहे हे डोळ्यांनीच सांगायचं असतं. (फोनचं मात्र पोरांकडून शिकावं लागलं. आमच्या वयाचे लोक अंगठा आणि करंगळी ताठ करून कानाला लावतात. यांनी तळवा सपाट करून कानाला लावला तेव्हा मला वाटलं गाल दुखतोय.)

भिंत सगळ्यांना करायची असते, ती लवकर उरका. हात सैल येतो आणि टेकल्या क्षणी ताठ, सपाट होतो. त्यानंतर अंग कुठेही हलो, तळवा जागचा हलत नाही. खऱ्या भिंतीवर करा, मग एक पाऊल मागे सरून करा. आठवडाभर हेच करत बसण्याची गरज नाही.

रस्सीखेचेला मात्र वेळ द्या. तिघं इकडे, तिघं तिकडे, मध्ये दोर नाही. दोन्ही बाजू एकदम मागे सरकल्या की तो दोर राहत नाही, रबर होतो, आणि शेवटच्या रांगेतलं पोरही हसतं. एक बाजू जितकी मागे, दुसरी तितकीच पुढे, इतकं साधं गणित आहे, पण जोशात ते कुणाच्या लक्षात राहत नाही. एनसीसीच्या खोलीतून खरा दोर आणा आणि मैदानावर जीव खाऊन खेचा. कुणाला तरी बाजूने शूट करू द्या. व्हिडिओत बघा: जोर हाताला दिसत नाही, मागच्या टाचेत आणि कमरेत दिसतो. एकाच्या दोन मुठींमधलं अंतर बदलत नाही. मग दोर बाजूला ठेवून तेच करा. आकडे मोजायचे नाहीत. सगळ्यात पुढचा जोरात श्वास घेतो, त्यावर सगळ्यांनी जायचं. शेवटी एका बाजूने दोर सोडला, तर पडणार कोण? पोरं नेमकी सोडणाऱ्यांना पाडतात. पडतात ते ओढणारे, मागच्या मागे. सोडणारे तळहात बघतात आणि त्यावर फुंकर घालतात.

एसटीचंही तसंच. गाडी निघाली की अंग मागे, ब्रेक लागला की पुढे. खंबाटकी घाटात गाडी डावीकडे वळली की अंग उजवीकडे जातं. विज्ञान शाखेची मुलंसुद्धा पहिल्यांदा वळणाच्याच बाजूला झुकतात, मग मी त्यांना रविवारी खऱ्या एसटीत उभ्याने प्रवास करून यायला सांगते. वरच्या दांड्याला धरलेला हात स्थिर, खालचं सगळं अंग लोंबकळतं. ड्रायव्हर अंगात तो झोल घेत नाही, कारण वळण येणार हे एकट्या त्यालाच आधी ठाऊक असतं. कंडक्टरने दोरी एकदा ओढली तर गाडी थांबते, दोनदा ओढली तर निघते, हे प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. एवढ्यावर एक अख्खा विनोद उभा राहतो.

चेहरा मी मुद्दाम शेवटी घेते. आधी सगळ्यांच्या तोंडाला ओढणी बांधायची, श्वास घेता येईल इतपत सैल, आणि पूर्ण माइम तसंच करायचं. ही युक्ती माझी नाही. पॅरिसमध्ये १९२०च्या दशकात झाक कोपो यांच्या नाट्यशाळेत चेहरा झाकून असाच सराव करून घेत. माइमचे मोठे शिक्षक एतिएन दक्रू तिथे शिकले, आणि पुढे जगप्रसिद्ध माइम कलावंत मार्सेल मार्सो दक्रूंकडे. चेहरा झाकल्यावर प्रसंग कळेनासा झाला, तर काम खांद्यात, पाठीत, पावलात बाकी आहे. ओढणी काढल्यावर तोंडं वेडीवाकडी करणं आपोआप निम्म्याने कमी होतं. भीती दाखवायला डोळे बटाट्याएवढे करावे लागत नाहीत, श्वास अडकला तरी पुरतं.

मेकअपचं पांढरं हौसेचं नाही, मागच्या रांगेतून भुवई दिसावी म्हणून आहे. झिंक ऑक्साइडची पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून स्पंजने थापत पातळ थर द्या. जाड दिला तर घामाने भेगा पडतात. जबड्याच्या रेषेवर थांबा, वरून टाल्कम दाबा, मग काजळाने भुवया आणि बारीक लाल ओठ. मनगटावर आदल्या दिवशी लावून बघा, खाज आली तर त्या मुलाला साध्या चेहऱ्याने उभं करा. कपडे काळे आणि अंगाबरोबर. सैल बाहीत कोपर हरवतं.

संगीतात शब्द असलेलं गाणं मला चालत नाही. ओठ बंद ठेवायचे आणि गायकाकडून बोलून घ्यायचं, ही पळवाट झाली. ट्रॅक पेनड्राइव्हवर आणि एका फोनमध्येही ठेवा. दाराच्या टकटकीसारखे आवाज असतील तर ते वाजवणारा मुलगा पहिल्या तालमीपासून हजर पाहिजे, आदल्या रात्री आणलेला नको. तालमीत साडेचार मिनिटांवर संपवा. हशा आला तर अर्धं मिनिट त्यातच जातं.

रंग उतरवताना आधी खोबरेल आणि कापूस, साबण नंतर. बक्षीस समारंभाला कानामागे पांढरं घेऊन बसलेला एकजण दरवर्षी असतोच.