गिटार वाजवत गाताय? घरच्या रेकॉर्डिंगसाठी काय घ्यायचं आणि काय नाही

जे अकूस्टिक गिटार वाजवत स्वतःच गातात त्यांच्यासाठी हे लिहितोय. सल्ले मिळतात ते नुसत्या गायकाला नाहीतर नुसत्या गिटारवाल्याला, आणि आपलं दुखणं वेगळंय, आवाज आणि गिटार दोन्ही एकाच वेळी दोन फुटांच्या आतून येतात त्यामुळे गिटारच्या माइकमध्ये गळा शिरतो आणि गळ्याच्या माइकमध्ये गिटार.

म्हणून माइकच्या आधी ऑडिओ इंटरफेस ठरवा, म्हणजे माइक आणि गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा, आणि दोन माइक लागतील असाच घ्या. इथेच लोक फसतात. फोकसराइट स्कार्लेट सोलोला इनपुट दोन दिसतात पण माइक एकच लागतो, दुसरं इनपुट गिटारच्या जॅकसाठी. बेरिंजर यूएमसी२२ चं पण तेच. दोन माइकसाठी स्कार्लेट टूआयटू, बेरिंजर यूएमसी२०२एचडी किंवा एम-ऑडिओ एम-ट्रॅक ड्युओ बघा. हात आखडता असेल तर शेवटच्या दोन्हीपैकी कुठलाही घ्या, घरच्या कामाला पुरतो. सेकंडहँड घेणार असाल तर स्वतःचा माइक आणि केबल घेऊन जा, दोन्ही चॅनल आणि ४८ व्होल्टचं बटण (कंडेन्सर माइकला लागणारी वीज देणारं) चालू करून ऐका, मगच पैसे द्या.

आता माइक. खोली शांत असेल तर ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सारखा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाज टिपणारा माइक, बोटांनी वाजवलेल्या गिटारची झळाळी त्यातच नीट येते. पण तो पंखा, कुकरची शिट्टी, खालच्या रिक्षाचा हॉर्न, सगळं टिपतो. रस्त्यावरचं घर असेल तर शुअर एसएम५७ किंवा एसएम५८ हे डायनॅमिक माइक घ्या, पण डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज गाळतो वगैरे समजू नका, आपण त्याला चिकटून गातो म्हणून गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायचं बटण) कमी लागतो आणि बाहेरचं कमी येतं, एवढंच. तोच माइक हळू वाजणाऱ्या गिटारपासून फूटभर लांब ठेवलात तर गेन चढवावा लागतो आणि मागे सूंऽऽ ऐकू येतं. हजारभर रुपयात माइक, स्टँड, फिल्टर सगळं देणारा किट मात्र घेऊ नका. मी घेतला होता, सोबतची केबल हेडफोनच्या भोकात जाणारी, आणि त्यात केलेल्या एकाही रेकॉर्डिंगमधली घरघर मला काढता आली नाही.

गिटारला पिकअप (गिटारमध्येच बसवलेला, वायरने जोडायचा सेन्सर) असेल तर खूपच सोपं. एक माइक गळ्यासाठी, पिकअपची वायर दुसऱ्या इनपुटला, तिथलं इन्स्ट्रुमेंटचं बटण चालू. पिकअपमध्ये गळा फारसा जात नाही म्हणून नंतर दोन्हीचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. नुसता पिकअप प्लॅस्टिकसारखा कडक वाजतो हे खरंय, पण गळ्याच्या माइकमध्ये आलेली गिटार त्याच्याखाली मिसळली की कानाला बरं लागतं.

पिकअप नसेल तर सुरुवात एकाच माइकने करा, मनापासून सांगतोय. माइक छातीच्या उंचीवर, दीड-दोन फूट समोर, एक कडवं रेकॉर्ड करून ऐका, गळा दबला तर माइक चार बोटं वर, गिटार दबली तर खाली. साउंडहोलवर कधी रोखू नका, नुसता बूंबूं येतो, बाराव्या फ्रेटच्या बाजूला वळवा. दुसरा माइक नंतर घेतलात की एक वर तोंडाकडे आणि एक खाली गिटारकडे असे तिरके लावा, म्हणजे प्रत्येकाची पाठ दुसऱ्या आवाजाकडे जाते. दोन वेगळ्या टेकमध्ये आधी गिटार मग गाणं हा पण मार्ग आहे, पण ज्यांची लय गाण्याबरोबर थोडी मागेपुढे होते त्यांचं गाणं त्यात निर्जीव होतं असं माझं मत.

हेडफोन बंद पाठीचेच घ्या, ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स चालतील, उघड्या पाठीच्यातून क्लिक (ताल धरायला लावलेली टिकटिक) माइकमध्ये जातो. स्टँड मात्र जड घ्या, हलका स्टँड बूम (त्याचा आडवा दांडा) लांब केला की झुकतो आणि एटी२०२० जमिनीवर. पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा फटका अडवणारी माइकसमोरची जाळी) हवाच कारण आपल्या भाषेत भ, फ, ख, थ पावलोपावली, माइक थोडा बाजूला ठेवूनही बराच फरक पडतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर आत्ताच खर्च नको, मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, विंडोजवर रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये २४ बिट ठेवा आणि सगळ्यात जोरात गाताना तिथला आवाजाचा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

उरलेल्या पैशात नवीन तारा. जुन्या, काळ्या पडलेल्या तारांवर कुठलाही माइक उपाय नाही. पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगा, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं असेल तर त्याच्याकडे तोंड करून गा, टाइल्सच्या रिकाम्या खोलीचा तो डबड्यासारखा घुमणारा आवाज निम्मा तिथेच जातो. रेकॉर्डिंगमध्ये सतत हम्म येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर करून बघा, जुन्या घरात अर्थिंग धड नसतं आणि बऱ्याचदा गोंगाट तिथूनच येतो. आणि पावसाळ्यात कंडेन्सर स्टँडवर उघडा सोडू नका, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच.