कुंडीखालची गोम: ओळखावी कशी आणि पाय मोजावेत कसे

ठाण्यात दोन-तीन जोराच्या सरी झाल्या की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये एखादी सावलीतली कुंडी उचलून पाहावी. तिच्या बुडाशी तांबूस-पिवळी, दोऱ्यासारखी बारीक गोम मातीत शिरताना दिसण्याची बरीच शक्यता असते. त्यासाठी येऊरला जाण्याची गरज नाही, आणि राष्ट्रीय उद्यानात दगड उलटवत फिरूही नये.

लोक हिला घोण समजून चपलेने मारतात, ही खेदाची गोष्ट आहे. घोण जाडजूड असते, तिला डोळे असतात आणि पायांच्या सहसा २१ जोड्या असतात. मातीतल्या गोमेला डोळे नसतातच. ती मिशांनी चाचपत, गांडुळासारखे अंग लांबवत आणि आखडत मातीतून वाट काढते. प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी दिसली तर ती गोम, दोन दिसल्या तर वाणी.

मोजणीसाठी तिला ओल्या मऊ ब्रशने अलगद काचेच्या बशीत घ्यावे, वर दुसरी बशी ठेवावी आणि खालच्या बाजूने मोबाइलवर फोटो काढावा. फोटो मोठा करून एकाच बाजूचे पाय मोजावेत. डोक्यालगतचे दोन आकडे म्हणजे विषाचे नखर. ते मूळचे पायच असले, तरी मोजणीत धरू नयेत. शेवटची, मागे ओढली जाणारी लांब जोडी चालण्यासाठी नसली, तरी ती मात्र मोजणीत धरावी. अशा सगळ्या जोड्यांची संख्या विषम यायला हवी. सम आली तर निःशंकपणे पुन्हा मोजावे. उष्ण प्रदेशात सर्रास आढळणाऱ्या मेसिस्टोसेफॅलस प्रजातीतल्या बहुतेक गोमांना ४९ जोड्या असतात. अंड्यातून बाहेर पडतानाच सगळे पाय आलेले असल्यामुळे पिल्लू सापडले तरी मोजणी बिघडत नाही.

हे सारे काही मिनिटांत उरकावे. हिच्या कातडीवर ओल धरून ठेवणारा मेणचट थर नसल्यामुळे कोरड्या बशीत ती लवकर मलूल होते. गोम अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली दिसली, तर मात्र बशी बाजूला ठेवून कुंडी होती तशीच टेकवावी, कारण त्रासलेली मादी अंडी सोडून जाते किंवा स्वतःच खाऊन टाकते.