फरशी स्वतः पुसायला लागा: सुरुवात कशी करायची

सिंकखालच्या कपाटात पाणी गळतंय, हे मला फरशी पुसताना कळलं. फडकं कपाटाच्या पायापाशी गेलं आणि तिथली फरशी हाताला जास्तच गार लागली. दार उघडलं तर पाइपच्या जोडातून थेंब थेंब पाणी पडत होतं आणि मागची फळी फुगून बोट रुतेल इतकी मऊ झाली होती. एवढी फळी काही दोन दिवसांत फुगत नाही. घर माझंच, पण त्या कोपऱ्यापर्यंत माझा हात कधी पोचलाच नव्हता. तोवर आम्ही सगळी कामं पैसे देऊन करून घेत होतो. ती सोय अचानक बंद झाली म्हणून फडकं हातात आलं. पुढे सोय पुन्हा करता आली असती, मी केली नाही. त्याला आता चार वर्षं झाली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर सगळी कामं एकदम अंगावर घेऊ नका. पंधरा दिवसांत कंबर धरते आणि सगळंच सुटतं. आधी एकच काम घ्या आणि ते रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधून टाका. मी केर काढणं घेतलं, आंघोळीच्या आधी. घाम आला तरी पुढे आंघोळ आहेच. ते अंगवळणी पडल्यावर फरशी पुसणं जोडलं.

केर काढायचा तो वरून खाली. आधी जळमटं, मग कपाटांवरची धूळ, शेवटी जमीन. पंखा बंद ठेवा आणि खोलीच्या आतल्या टोकापासून दाराकडे या.

फरशी पुसायला बादल्या दोन घ्या, यावर माझा फार जोर आहे. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. मळलेलं फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचं आणि मगच साबणाच्या पाण्यात बुडवायचं. एकाच बादलीत बुचकळत राहिलं, तर तिसऱ्या खोलीत आपण पहिल्या खोलीची घाण पसरवत असतो. फडकं इतकं पिळा की धरल्यावर थेंब पडू नये. पाणी साचलं की डाग उठतात आणि पाय घसरतो. मागे सरकत पुसा, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. बादली अर्धीच भरा; दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, आणि ते उचलताना कमरेतून नाही, गुडघ्यांतून वाका. बसून पुसत असाल तर लांबवर हात ताणू नका. हात सहज पोचेल तेवढंच पुसा, सरका, पुन्हा पुसा. मध्येच हात बदला. डाव्या हाताला पहिले काही दिवस जमत नाही, मग जमतं. गुडघे दुखत असतील तर लांब दांड्याचा मॉप घ्या. दांडा आखूड असला की पाठ वाकलेलीच राहते, म्हणून उभं राहून धरून बघा आणि मगच घ्या.

माझं काम हिशेब तपासण्याचं, आठ-नऊ तास खुर्चीत. व्यायाम ठरवून कधी टिकला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, आणि त्यात घरकामही धरलेलं आहे. आधीच्या, २०१०च्या सूचनांमध्ये निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती, तीही आता नाही. म्हणजे रोज पंचवीस मिनिटं झाडणं-पुसणं, आठवड्यातून सहा दिवस, एवढ्यात १५० होतात. मात्र ते श्रम मध्यम आहेत का हे बघा: काम करताना बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. भांडी घासणं किंवा घड्या घालणं यांत बहुधा तेवढा दम लागत नाही. शिवाय स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा वेगळा करावा लागतो. तो फरशीतून होतो असं मी स्वतःला समजावत नाही.

भांड्यांचं थोडक्यात. काचेची आधी, तेलकट शेवटी. चिकटलेली अर्धा तास भिजत ठेवा, घासताना नळ बंद. आणि हात पाण्यात असताना लक्षही तिथंच ठेवा: पाण्याची ऊब, फेसाचा वास, भांडं स्वच्छ झाल्यावर बोटाखाली येणारा तो करकर आवाज. दिवसभराचे आकडे डोक्यातून उतरतात ते मला तिथंच जाणवतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर एकत्र ओतू नका, एकामागोमाग एक तर मुळीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ब्लीचमध्ये अमोनियाही मिसळायचा नाही. एका वेळी एकच वापरा, खिडकी उघडी ठेवा.

घरातल्यांना कामं वाटून देताना ‘मला मदत कर’ म्हणू नका. मदत म्हटलं की काम आपलंच राहतं. पूर्ण काम सोपवा आणि नंतर हात घालू नका. माझा मुलगा दहा वर्षांचा असताना कपड्यांच्या घड्या त्याच्याकडे दिल्या. त्या वाकड्या व्हायच्या. तो झोपला की मी मोडून नीट घालायचो. एकदा त्याने ते पाहिलं. काही बोलला नाही, पण पुढचा आठवडाभर कपड्यांना हात लावला नाही. मी त्याची माफी मागितली. आता त्याच्या कपाटात घड्या त्याच्या पद्धतीच्या आहेत.

काम संपलं की फडकं स्वच्छ धुऊन पसरून वाळत घाला. ओल्या गोळ्याला कुबट वास येतो आणि तोच उद्या फरशीला लागतो. सिंकखालचं दार मी दर रविवारी उघडतो आणि पाइपच्या जोडावरून कोरडा कागद फिरवतो. कागद कोरडा निघाला की दार लावून टाकतो.