मंद पण घातक नायकाची पारख

संध्याकाळी पारावर मोबाइलवर ‘एम्पायर्स अँड पझल्स’ हा रंगीत टाइल्स जुळवून लढायचा खेळ खेळत बसणारी आमच्या वऱ्हाडातली पोरे नायकाच्या घावाचा आकडा आधी पाहतात. पाहायला हवे ते, तो घाव पडणार केव्हा. या खेळात मंद नायकाचा माना, म्हणजे खास घाव घालण्याची शक्ती, भरायला त्याच्या रंगाच्या १२ टाइल्स लागतात, वेगवान नायकाला ८ पुरतात. दर चालीला त्या रंगाच्या तीनच टाइल्स जुळल्या, तर मंद नायक चौथ्या चालीला तयार होतो आणि तोवर समोरच्याचा एखादा वार बहुधा पडलेला असतो. म्हणून दुर्मीळ साहित्य खर्चून त्याची पदोन्नती करण्याआधी तो तेवढा वेळ जिवंत राहील का, हे त्याच्या संरक्षणावरून आणि आरोग्यावरून ताडावे. त्याच्याच रंगाचे आणखी दोन नायक सोबत घेतल्यास जुळलेल्या टाइल्सचा शत्रूवर पडणारा मार वाढतो, त्यामुळे वाट पाहण्याचा काळ वाया जात नाही. माना भरण्याचा बोनस ९.१ टक्क्यांवर गेला, की १२ ऐवजी ११ टाइल्स पुरतात. हा फरक किरकोळ मानू नये. सर्व शत्रूंना झोडपणारा मंद नायक मी तरी सहसा मोडीत काढणार नाही, कारण ‘रश अटॅक’ या खास लढतीच्या नियमात सगळेच नायक अतिवेगवान होतात आणि तिथे त्याच्या मोठ्या घावाची किंमत एकदम वाढते.